तळातून करंडकापर्यंत: सेंट लुईस ब्लूजच्या २०१८-१९ मोसमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सेंट लुईसला राहते. पुण्याला फोन लावला की मामेभाऊ हमखास या मोसमाबद्दल काहीतरी विचारतो. इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबंही निळा जर्सी घातलेले शेजारी बघून विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं मत म्हणूनच सांगितलं आहे.

हा संघ कोणता आणि या एकाच मोसमाची एवढी चर्चा का?

सेंट लुईस ब्लूज हा अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला व्यावसायिक आइस हॉकी संघ. अमेरिका आणि कॅनडातले संघ ज्यात खेळतात त्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तो १९६७ साली आला. २०१९ पर्यंत ५२ वर्षं झाली, पण लीगचा स्टॅनले करंडक त्याला एकदाही मिळाला नव्हता.

३ जानेवारी २०१९ च्या सकाळी हा संघ ३१ संघांच्या तक्त्यात अगदी शेवटी होता. १२ जून २०१९ च्या रात्री त्याच संघाने बोस्टनमध्ये करंडक उचलला. मधल्या पाच महिन्यांत काय घडलं, हाच सगळ्यांचा प्रश्न असतो.

मला आइस हॉकीतलं काहीच कळत नाही. पुढचं वाचण्यासाठी किमान काय माहीत हवं?

बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. पकचं वजन साधारण १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडंसंच जास्त. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे तो बर्फावर उसळत नाही.

क्रिकेट किंवा फुटबॉल बघणाऱ्याला पहिल्यांदा चकवतो तो खेळाडूंचा अदलाबदल. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने खेळायचं, मग कठड्यावरून उडी मारून बाकावर यायचं आणि दुसऱ्याने आत जायचं. याला शिफ्ट म्हणतात. खेळ न थांबता हे चालतं. अंतिम सामन्यातला एक मोठा गोल अशाच एका चुकलेल्या अदलाबदलीतून झाला, त्याबद्दल पुढे येईलच.

चूक केली तर खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं आणि संघ एका गड्याने कमी पडतो. समोरच्या संघासाठी तो पॉवर प्ले. क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी त्याचा संबंध नाही.

आणि एकदा तरी रिंकवर जाऊन बघा. टीव्हीवर जे कळत नाही ते म्हणजे आवाज. पक काचेवर आदळतो तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या छातीत धस्स होतं. स्केट बर्फात कचकन वळतो, त्याचा पांढरा चुरा उडतो आणि पहिल्या काही रांगांपर्यंत थंडगार वास येतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असलं तरी स्वेटर लागतोच.

गुण कसे मोजतात? ९९ गुण म्हणजे चांगले का?

त्या मोसमात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळला. जिंकलं की दोन गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं की एक. नेहमीच्या साठ मिनिटांत हरलं तर शून्य. ब्लूजने ४५ सामने जिंकले, २८ हरले आणि ९ जादा वेळेत गमावले. म्हणजे ९० अधिक ९, एकूण ९९. चांगलेच म्हणायचे, पण अव्वल नाहीत. आपल्या सेंट्रल गटात ते तिसरे आले.

खरी मजा या आकड्याच्या दोन तुकड्यांत आहे. पहिल्या ३७ सामन्यांत ३४ गुण. उरलेल्या ४५ सामन्यांत ६५.

मोसमाच्या आधी लोकांच्या अपेक्षा काय होत्या?

मोठ्या होत्या, आणि म्हणूनच सुरुवातीचे महिने जास्त झोंबले. आदल्या मोसमात संघ अवघ्या एका गुणाने बाद फेरीला मुकला होता, तोही शेवटच्या दिवशी कोलोरॅडोकडून हरून. जनरल मॅनेजर डग आर्मस्ट्राँग यांनी मग १ जुलै २०१८ ला बफेलो संघाकडून रायन ओ'रायली हा सेंटर, म्हणजे मधोमध खेळणारा आक्रमक खेळाडू, घेतला. त्याच्या बदल्यात तीन खेळाडू आणि लीगच्या वार्षिक निवडीत नवे खेळाडू घेण्याचे दोन हक्क दिले. टायलर बोझॅक आला. डेव्हिड पेरॉन तर तिसऱ्यांदा या संघात आला.

आणि पॅट मरून आला. हा इथलाच, सेंट लुईसच्या दक्षिणेकडच्या ओकव्हिल उपनगरात वाढलेला. त्याचा मुलगा सेंट लुईसला राहत होता, त्याच्याजवळ राहता यावं म्हणून त्याने एका वर्षाचा करार पत्करला. हे नाव लक्षात ठेवा.

मग बिघडलं कुठे?

कागदावरचा संघ आणि बर्फावरचा संघ जुळत नव्हते. नवे आणि जुने खेळाडू एकमेकांच्या सवयी ओळखत नव्हते, बचावात भोकं पडत होती आणि गोलपोस्टमध्ये भरवसा वाटत नव्हता. आघाडी घेऊन ती घालवायची हे ठरल्यासारखं झालं होतं. १९ नोव्हेंबरला लॉस एंजलिसकडून घरच्या रिंकवर ०-२ असा पराभव झाला आणि त्याच रात्री प्रशिक्षक माइक यो यांना काढलं. तेव्हा ७ विजय, ९ पराभव आणि जादा वेळेतले ३ पराभव अशी अवस्था होती.

ते दिवस मला आठवतात. ऑफिसमध्ये सोमवारी हॉकीचा विषय निघायचा तो आता निघेनासा झाला होता. डिसेंबरमध्ये एका सहकाऱ्याने मोसमी तिकिटांतली दोन तिकिटं माझ्या टेबलावर आणून ठेवली. पैसे घेईना. "जा, मुलांना घेऊन जा, मला बघवत नाही," एवढंच म्हणाला.

सरावात आपल्याच खेळाडूंची मारामारी झाली होती म्हणतात. खरं का?

हो. १० डिसेंबरला सरावात रॉबर्ट बॉर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड एकमेकांवर धावून गेले, हातमोजे टाकून ठोसे चालले. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. सॅनफर्डचं नावही लक्षात ठेवा.

नव्या प्रशिक्षकाने असं काय केलं?

क्रेग बेरूबी आले ते हंगामी म्हणून. जूनमध्ये करंडक उचलला तेव्हाही ते कागदोपत्री हंगामीच होते, कायमचा करार त्यानंतर झाला. ते कॅनडाच्या अल्बर्टातल्या कालाहू या छोट्या गावचे. खेळाडू असताना त्यांचं काम धक्काबुक्कीचं होतं. कारकिर्दीत त्यांनी शिक्षेची ३,१४९ मिनिटं भोगली, लीगच्या इतिहासात त्यांच्यापेक्षा जास्त मिनिटं मोजक्याच लोकांची आहेत.

त्यांनी खेळ साधा केला. पक समोरच्या कोपऱ्यात खोल टाकायचा, पाठलाग करायचा, समोरच्या बचावपटूला दर वेळी वळून अंग झेलायला लावायचं. दिसायला देखणं नाही. पण सात सामन्यांच्या मालिकेत पाचव्या-सहाव्या सामन्यापर्यंत समोरच्याचे पाय जड होतात, आणि या संघाला तिथेच जिंकायची सवय लागली. शिवाय बेरूबी खेळाडूंशी स्पष्ट आणि थोडक्यात बोलत. बाकावर कुणाला बसवायचं असेल तर का, हे आधी त्याला सांगत.

मात्र हेही खरं की ते आल्यावर लगेच काही सुधारलं नाही. त्यांच्या हाताखालीच संघ तळाला गेला. प्रशिक्षक बदलला आणि जादू झाली ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण घडली तशी नाही.

जॉर्डन बिनिंग्टन कोण आणि तो तोवर कुठे होता?

या मोसमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते इथे.

बिनिंग्टन हा कॅनडाच्या ओंटारियोतल्या रिचमंड हिलचा गोलरक्षक. ब्लूजने त्याला २०११ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या तिसऱ्या फेरीत निवडलं. पुढची सात वर्षं तो जवळजवळ सगळा वेळ ज्युनियर आणि दुय्यम लीगमध्ये खेळत राहिला. २०१७-१८ मध्ये तर ब्लूजकडे त्याला ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्याला प्रॉव्हिडन्सच्या संघाकडे उसना दिला. प्रॉव्हिडन्स म्हणजे बोस्टन ब्रुइन्सचा दुय्यम संघ. ज्या बोस्टनला पुढे अंतिम फेरीत त्याने रोखलं, त्यांच्याच घरात त्याने आदला मोसम काढला होता.

२०१८ च्या शरद ऋतूत तो संघटनेतला चौथा गोलरक्षक होता. पुढे जेक ॲलन, चॅड जॉन्सन आणि व्हिले हुसो. वय २५. या वयात चौथ्या क्रमांकावर असलेल्याला बहुतेक वेळा कुणी बोलावत नाही. पण जॉन्सन गेला, ॲलन चाचपडत होता, आणि संघ तळाला असल्यामुळे गमवायलाही काही उरलं नव्हतं. ७ जानेवारी २०१९ ला फिलाडेल्फियात त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. त्याने २५ फटके अडवले आणि सामना ३-० ने जिंकला. सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात शटआउट, म्हणजे एकही गोल न देता.

त्यानंतर साखळीत त्याचा हिशेब २४ विजय, ५ पराभव आणि जादा वेळेतला १ पराभव. दर सामन्याला सरासरी १.८९ गोल दिले, त्या मोसमातल्या आघाडीच्या गोलरक्षकांच्या तोडीचे. शंभरातले जवळजवळ ९३ फटके अडवले. त्याला कुणीतरी दडपणाबद्दल विचारलं तर त्याने उलट विचारलं, "मी घाबरलेला दिसतो का?" गावभर त्या वाक्याचे टी-शर्ट निघाले.

मला त्याच्यात भावतं ते वेगळंच. गोल खाल्ला की बहुतेक गोलरक्षक काहीतरी करतात, स्टिक खांबावर आपटतात, पंचाकडे बघतात, पाण्याची बाटली उचलतात. तो काहीच करायचा नाही. जाळ्यासमोरचा बर्फ स्केटने दोनदा खरवडायचा आणि पुन्हा वाकून उभा राहायचा. समोर खेळणाऱ्या पाच जणांना पाठीमागून हे दिसत नसलं तरी जाणवत असावं. मागे भरवशाचा माणूस आहे म्हटल्यावर बचावपटू नको तिथे धावत नाहीत, आपली जागा सोडत नाहीत. बचाव सुधारला म्हणून गोलरक्षक चांगला दिसला की गोलरक्षकामुळे बचाव सुधारला, यावर इथे अजून वाद होतात. माझ्या मते दोन्ही एकाच आठवड्यात झालं आणि दोन्हींनी एकमेकांना धरून ठेवलं.

'ग्लोरिया' गाण्याचा हॉकीशी काय संबंध?

६ जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे बिनिंग्टनच्या त्या सामन्याच्या आदल्या दिवशी, ब्लूजचे काही खेळाडू दक्षिण फिलाडेल्फियातल्या एका छोट्या क्लबमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना बघत बसले होते. जाहिरातींच्या मधल्या वेळात गाणी वाजत होती. एक जण ओरडत राहिला, 'ग्लोरिया' लावा. लॉरा ब्रॅनिगनने गायलेलं १९८२ सालचं गाणं. ते लागलं की सगळा क्लब नाचायला लागायचा. खेळाडूंनी ठरवलं, आता जिंकलो की हेच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी जिंकले.

जूनपर्यंत ते किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळीकडे वाजत होतं. माझ्या मुलीला तेव्हा इंग्रजी गाणी फारशी येत नव्हती, हे मात्र तोंडपाठ झालं.

तर मग हा चमत्कार म्हणायचा का?

मी म्हणत नाही. चमत्कार म्हटलं की जानेवारीच्या आधी त्या संघात काहीच नव्हतं असं होतं. ओ'रायली डिसेंबरमध्येही तितकाच मेहनती होता. ॲलेक्स पिएत्रांजेलो, कोल्टन परेको, जे बोमीस्टर हे बचावपटू तेच होते. व्लादिमिर तारासेंकोचा फटका तोच होता. तळाला असताना संघ मोडून खेळाडू विकायची चर्चा रोज वर्तमानपत्रात व्हायची. आर्मस्ट्राँग यांनी तो मोह टाळला, आणि माझ्या मते साऱ्या मोसमातला सर्वांत मोठा निर्णय तोच होता. २३ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या काळात हा न मोडलेला संघ सलग ११ सामने जिंकला. संघाच्या इतिहासातला तो तेव्हाचा विक्रम होता, २०२५ पर्यंत टिकला.

बाद फेरीची रचना कशी असते?

१६ संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो पुढे. बरोबरी झाली तर वीस मिनिटांचा पूर्ण जादा भाग, आणि पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला. शूटआउट नाही. गोल होईपर्यंत खेळत राहायचं, मग रात्रीचा एक वाजला तरी.

ब्लूजने कुणाकुणाला हरवलं?

पहिल्या फेरीत विनिपेगला ४-२. पाचव्या सामन्यात विनिपेगच्या घरी ०-२ ने मागे असताना सामना फिरवला आणि शेवटची १५ सेकंदं उरलेली असताना जेडन श्वॉर्ट्झने विजयी गोल केला. सहाव्यात त्याच श्वॉर्ट्झने हॅटट्रिक केली.

दुसरी फेरी डॅलसशी, आणि ती सातव्या सामन्यापर्यंत गेली. ७ मे २०१९. डॅलसचा गोलरक्षक बेन बिशप हाही सेंट लुईसमध्ये वाढलेला, आणि त्या रात्री त्याने ५२ फटके अडवले. ब्लूजने फटक्यांचा नुसता पाऊस पाडला, पक काही जाईना. १-१ अशा बरोबरीवर दुसरा जादा भाग सुरू झाला. रॉबर्ट थॉमस या १९ वर्षांच्या पोराने मारलेला फटका खांबाला लागून बिशपच्या पाठीवर आदळला आणि पक गोलरेषेजवळ लोळत राहिला. तिथे मरून उभा होता. ओकव्हिलच्या मुलाने तो आत ढकलला.

माझ्या शेजारच्या आजोबांनी त्या रात्री अंगणात येऊन पातेलं बडवलं. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने बडवलं.

तिसऱ्या फेरीत सॅन होजे, ४-२.

सॅन होजेविरुद्धचा हाताचा गोल म्हणजे काय?

तिसऱ्या सामन्याच्या जादा वेळेत टिमो मायरने हाताने पक आपल्या साथीदाराकडे ढकलला. नियमाप्रमाणे तिथेच शिटी वाजायला हवी होती. वाजली नाही, आणि पुढच्या क्षणी एरिक कार्लसनने गोल केला. तेव्हाच्या नियमात ही चूक चित्रफीत बघून सुधारण्याची सोय नव्हती. सामना ५-४ ने गेला. गावात संताप होता, मीही रात्रभर चिडले होते. बेरूबी आणि खेळाडूंनी मात्र त्यावर रडगाणं गायलं नाही. पुढचे तिन्ही सामने त्यांनी २-१, ५-० आणि ५-१ असे जिंकले. त्या उन्हाळ्यात लीगने नियम बदलला, आता अशा गोलाला प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो.

अंतिम फेरीत बोस्टनच समोर येणं एवढं का गाजलं?

जुना हिशेब होता. ब्लूज १९६८, १९६९ आणि १९७० अशी पहिली तिन्ही वर्षं अंतिम फेरीत गेले होते आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता हरले. बारा सामने, बारा पराभव. शेवटचा १० मे १९७० ला बोस्टनकडून. त्या गोलानंतर बॉबी ऑर हवेत आडवा उडालेला आहे, तो फोटो हॉकी न बघणाऱ्यांनीही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो गोल ब्लूजच्या जाळ्यात गेलेला आहे, हे इथला माणूस कधी विसरत नाही. त्यात भर म्हणजे ब्लूजचा माजी कर्णधार डेव्हिड बॅकस २०१९ मध्ये बोस्टनकडे होता.

पहिला सामना पुन्हा हरले, म्हणजे तेरा झाले. दुसऱ्याच्या शेवटी कार्ल गुनारसन या शांत बचावपटूचा फटका खांबाला लागला. जादा वेळेच्या आधी स्वच्छतागृहात त्याची आणि बेरूबींची गाठ पडली, तेव्हा तो म्हणाला, मला फक्त अजून एक संधी हवी आहे. जादा वेळेची चार मिनिटंही झाली नव्हती तोच त्याने लांबून मारला आणि गेला. बाद फेरीतला त्याचा हा पहिलाच गोल, आणि अंतिम फेरीतला ब्लूजचा पहिलाच विजय. ४९ वर्षांपूर्वी हरलेले म्हातारे खेळाडू तेव्हा टीव्हीवर रडताना दिसले.

सातव्या सामन्यात नेमकं काय झालं?

सहावा सामना सेंट लुईसमध्ये होता. जिंकलो असतो तर घरच्या बर्फावर करंडक मिळाला असता. १-५ ने हरलो. मग १२ जूनला बोस्टनच्या टीडी गार्डनमध्ये शेवटचा.

पहिली वीस मिनिटं बोस्टनची होती. त्यांचे १२ फटके, ब्लूजचे अवघे ४. बिनिंग्टनने बाराही अडवले. सतराव्या मिनिटाला बोमीस्टरच्या फटक्याला ओ'रायलीने वाटेत स्टिक लावून दिशा बदलली, १-०. भाग संपायला आठ सेकंदंही नव्हती तेव्हा बोस्टनचा ब्रॅड मार्शांड खेळाडू बदलायला बाकाकडे वळला. अदलाबदलीची वेळ चुकली. त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून कर्णधार पिएत्रांजेलो सरळ गोलरक्षकासमोर आला आणि २-०.

तिसऱ्या भागात योआकिम नॉर्डस्ट्रॉमसमोर अर्धं जाळं उघडं होतं. बिनिंग्टनने पाय आडवा सरकवला आणि पक पॅडच्या टोकाला लागून बाहेर गेला. तो गोल झाला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्यानंतर ब्रेडन शेनने तिसरा केला, आणि चौथा झॅक सॅनफर्डने. सरावात मार खाल्लेला तोच सॅनफर्ड. शेवट ४-१. बिनिंग्टनचे ३२ बचाव, आणि एका बाद फेरीत १६ विजय मिळवणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला नवखा गोलरक्षक.

घरच्या रिंकवर ब्लूज हरायचे का?

बाद फेरीत हो. घरी ६ जिंकले, ७ हरले. बाहेर १० जिंकले, ३ हरले. मात्र हरल्यानंतरच्या सामन्यात बिनिंग्टन १० पैकी ८ वेळा जिंकला.

सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला?

रायन ओ'रायली. बाद फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याला मिळाला. अंतिम फेरीतल्या शेवटच्या चारही सामन्यांत त्याने गोल केले. याच माणसाने वर्षभरापूर्वी बफेलोत सतत हरून सांगितलं होतं की खेळावरचं आपलं प्रेम अधूनमधून हरवतं आहे.

करंडक खेळाडूंना घरी नेता येतो हे खरं का?

खरं. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला उन्हाळ्यात एक दिवस करंडक मिळतो, सोबत त्याची राखण करणारा माणूस असतो. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी तो दिला. आज उंची जवळजवळ ९० सेंटिमीटर, वजन साडेपंधरा किलो, आणि अंगावर विजेत्यांची नावं कोरलेली. ओ'रायलीने आपल्या दिवशी तो ९९ वर्षांच्या आजीला दाखवायला नेला. त्या दोघांचा फोटो मी जपून ठेवला आहे. माझी आजीही अशीच, आपण आणलेली वस्तू आधी हाताने चाचपून बघायची.

भारतातून सामने बघायचे तर वेळा काय असतात?

सेंट लुईसला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. इथल्या हिवाळ्यात साडेसहाला, मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साडेपाचला. तो सातवा सामना पुण्यात १३ जूनच्या पहाटे साडेपाचला सुरू झाला. माझ्या भावाने त्या दिवशी रजा टाकली होती ती दुपारी विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड क्रिकेट सामना बघण्यासाठी. नॉटिंगहॅमचा तो सामना पावसात एकही चेंडू न पडता वाहून गेला. त्याच्या रजेचं सोनं आम्ही केलं, असं मी त्याला अजून सांगते.

त्यानंतर संघाचं काय झालं?

पुढच्या मोसमातही ते पश्चिम विभागात अव्वल होते, पण फेब्रुवारी २०२० मध्ये सामना चालू असताना बोमीस्टर बाकावर हृदयक्रिया थांबून कोसळला. तिथल्या तिथे उपचार मिळाले म्हणून वाचला, पण खेळ संपला. महिन्याभरात कोरोनामुळे लीगच थांबली. मग एकेक पांगले. मरून टॅम्पाला जाऊन २०२० आणि २०२१ असे आणखी दोन करंडक जिंकला. पिएत्रांजेलो वेगासला गेला. ओ'रायली आणि तारासेंको २०२३ मध्ये गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेरूबींनाही काढलं. बिनिंग्टन राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅनडासाठी त्याने अमेरिकेविरुद्ध चार देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला, तोही बोस्टनच्या त्याच रिंकवर.

मिरवणुकीत लोक 'मार्केट स्ट्रीट' का ओरडत होते?

बॉब प्लेगर हे पहिल्या वर्षापासूनच्या ब्लूज संघातले बचावपटू. १९६८ ते १९७० च्या तिन्ही पराभवांत ते बर्फावर होते. निवृत्तीनंतरही त्यांनी संघाची नाना कामं केली, आणि भेटेल त्याला एकच सांगत राहिले: एक दिवस मार्केट स्ट्रीटवरून करंडकाची मिरवणूक काढायची आहे.

१५ जून २०१९ ला ती निघाली. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत लहानपण गेलेल्या माझ्यासारखीलाही ती गर्दी बघून भरून आलं. फुटपाथ दिसत नव्हता. कुणी आजोबांचा फोटो काठीला बांधून आणला होता, कुणी वडिलांची जुनी जर्सी घातली होती. मुलगी माझ्या खांद्यावर होती. प्लेगर गाडीतून आले, पाठ वाकलेली, चेहरा रडून लाल झालेला, दोन्ही हात वर.

मार्च २०२१ मध्ये ते मोटार अपघातात गेले. त्यांची शेवटची यात्राही मार्केट स्ट्रीटवरूनच निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या जर्सी घातलेले लोक मास्क लावून उभे होते.